देव इतरांशी बोलतो, मग माझ्याशीच का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'मी लहानपणापासून विश्वासात आहे. रोज वचन वाचते, प्रार्थना करते, उपवास धरते. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, काही जण सहज सांगतात, काल प्रभूने मला अमुक प्रकट केलं. माझ्याशी देव असा कधीच बोलला नाही. माझा विश्वास कमी पडतो का? की तो मनापासूनचा नाहीच?'

समोर बसून हा प्रश्न विचारताना माणसांचा आवाज खाली येतो, एखादा अपराध कबूल करावा तसा. लोकांच्या प्रार्थनेत सोबत करण्याचं काम मी पंचवीसेक वर्षं करतो आहे. एकांताची शिबिरं, आजाऱ्यांच्या भेटी आणि बराचसा वेळ नुसतं ऐकणं, असं त्या कामाचं स्वरूप. तेवढ्या अनुभवावर सांगतो: विश्वास आणि प्रकटीकरण यांचं नातं आहे आणि ते घट्ट आहे. पण तुमच्या प्रश्नात ते ज्या तऱ्हेने गृहीत धरलंय, त्या तऱ्हेचं नाही.

तुम्ही मनात एक हिशोब मांडलाय. अमुक इतका विश्वास भरला की तमुक इतकं प्रकटीकरण मिळणार. मिळालं नाही, म्हणजे भरणा कमी पडला. या हिशोबाला पवित्र शास्त्रच सुरुंग लावतं. जुन्या करारातल्या बलाम या द्रष्ट्याचं उदाहरण घ्या. पैशाच्या लोभाने निघालेला हा माणूस, ज्याच्या गाढवीला त्याच्या आधी देवदूत दिसला, आणि तरी देवाने त्याच्या तोंडून इस्राएलाला आशीर्वाद वदवले. कयफा तर येशूला मारण्याचा कट रचत होता. 'सगळ्या लोकांसाठी एकाने मरावं हे बरं' हे त्याने धूर्तपणे म्हटलं, आणि शुभवर्तमानात योहान लिहितो की ते त्याने स्वतःच्या मनचं म्हटलंच नव्हतं, त्या वर्षीचा प्रमुख याजक म्हणून तो संदेश देऊन गेला. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर शौलाकडे, म्हणजे पुढच्या पौलाकडे, ख्रिस्तावरचा विश्वास किती होता? विश्वास ठेवणाऱ्यांना बांधून आणण्याची पत्रं होती खिशात.

म्हणजे देवाला बोलायचं असेल तर तो कुणाशीही बोलतो. मग विश्वास कशासाठी? बलामाने ऐकलं आणि तो बदलला नाही. कयफाला आपण काय बोललो हे कळलंसुद्धा नाही. शौल मात्र धुळीत पडल्या पडल्या विचारतो, 'प्रभू, मी काय करू?' तिथे विश्वास सुरू झाला, आणि तिथून पुढचं सगळं त्याच्यापुढे उघडत गेलं. तेही एकदम नाही, बरं का. त्याला एवढंच सांगितलं गेलं की शहरात जा, पुढचं तिथे कळेल. तीन दिवस तो आंधळा होऊन, अन्नपाण्याशिवाय बसून होता. उरलेला निरोप हनन्या नावाच्या एका साध्या शिष्याच्या तोंडून आला, आणि तो शिष्यही यायला घाबरत होता.

आपल्या भाषेत 'विश्वास' हा शब्द दोन कामं करतो. देव आहे असं मानणं हाही विश्वास, आणि 'त्याच्यावर माझा विश्वास आहे' म्हणून घराची किल्ली देणं हाही विश्वास. शास्त्रात बहुतेक वेळा दुसरा अर्थ आहे. जुन्या करारातला इब्री शब्द आहे 'एमूना'. आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो तो 'आमेन' त्याच धातूतला. हा शब्द निर्गम या पुस्तकात एका अगदी शारीरिक जागी आलाय. इस्राएलाची अमालेक या शत्रू टोळीशी लढाई चालू आहे, त्यांचा पुढारी मोशे टेकडीवर हात वर करून उभा आहे, हात भरून येतात, खाली येतात. मग अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात, एक या बाजूने आणि एक त्या बाजूने त्याचे हात धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात 'एमूना' राहिले. म्हणजे स्थिर राहिले, डळमळले नाहीत. मनात काय उचंबळून येत होतं याचा तिथे उल्लेख नाही. हात दुखत होते, दुसऱ्यांनी धरले होते, तरी शब्द तोच.

'प्रामाणिक विश्वास' म्हटलं की लोकांना डोळ्यांत पाणी आठवतं. माझ्या लेखी त्याची खूण वेगळी आहे, आणि ती येशूने योहानाच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायात स्वतः दिलीय. सणाच्या गर्दीत लोक कुजबुजतात की हा शिकलेला नसताना याला शास्त्र कसं येतं. त्यावर त्याच्या उत्तराचा आशय असा: देवाच्या इच्छेप्रमाणे करायची ज्याची इच्छा आहे, त्याला कळेल की ही शिकवण देवाची आहे की मी माझ्या मनचं बोलतो. क्रम पाहा. आधी करायची तयारी, मग कळणं. आपण उलटं धरून बसतो: आधी देवाने स्वच्छ सांगावं, मग करायचं की नाही ते मी ठरवीन. विश्वासातली सगळी खोट या 'मग ठरवीन'मध्ये दडलेली असते.

एकदा शिबिरात एक तरुण माझ्याकडे आला. प्रभूने नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत ये असं प्रकट केलंय, म्हणाला. वचनं होती, स्वप्न होतं, दोन जणांनी दुजोराही दिला होता. मी एवढंच विचारलं, 'आणि प्रभूने म्हटलं असतं की त्याच ऑफिसात, त्याच साहेबाच्या हाताखाली आणखी दहा वर्षं राहा, तर ऐकलं असतंस?' तो बराच वेळ टेबलावरच्या पेल्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'तो निरोप मी प्रभूचा मानलाच नसता.' त्या आठवड्यातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच. त्या वाक्यापासून आमची खरी प्रार्थना सुरू झाली. पुढे त्याने काय केलं हे मुद्दाम सांगत नाही, कारण सोडली काय आणि राहिला काय, दोन्ही बरोबर ठरू शकलं असतं. महत्त्वाचं हे की त्या दिवसापर्यंत त्याने देवाला एकच उत्तर द्यायची मुभा ठेवली होती.

'जसा भाव तसा देव' असं आपण म्हणतो. भक्तीच्या अंगाने ती म्हण गोड आहे, पण इथे तिच्याशी जपून. माझा भाव देवाला आकार देत असेल, तर मला जे दिसेल तो मीच, जरा मोठा झालेला. बायबलमधला देव माणसाच्या भावाप्रमाणे वळत नाही, बहुतेकदा आडवा येतो. वृद्ध याजक एलीला ऐकावं लागलं ते स्वतःच्या घराण्याचं वाटोळं. संदेष्टा योनाला पाठवलं शत्रूच्या शहरात. येशूचा शिष्य पेत्र याला जेवायला सांगितलं ते त्याच्या धर्माने निषिद्ध ठरवलेलं. म्हणून जेव्हा कुणी सांगतं की प्रभूने मला प्रकट केलं, आणि जे प्रकट झालं ते तंतोतंत त्याच्या सोयीचं असतं, तेव्हा मी गप्प राहतो पण माझ्या भुवया वर जातात.

पेत्राचंच पाहा ना, मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सोळाव्या अध्यायात. फिलिप्पाच्या कैसरियाजवळ येशू विचारतो, मी कोण आहे म्हणून तुम्ही म्हणता? पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र. येशू त्याला धन्य म्हणतो, कारण हे त्याला रक्तमांसाने नव्हे तर स्वर्गीय पित्याने प्रकट केलं. इतकं शुद्ध प्रकटीकरण, खुद्द प्रभूने शिक्कामोर्तब केलेलं. आणि सहा-सात वचनं पुढे जा. येशू वधस्तंभाकडे जाण्याचं बोलू लागतो, पेत्र त्याला बाजूला घेऊन अडवतो, आणि ऐकतो: सैताना, माझ्यामागे हो. तोच माणूस, तोच विश्वास, एकाच अध्यायात. पहिल्या वेळी त्याने मिळालेलं स्वीकारलं. दुसऱ्या वेळी 'ख्रिस्त' या शब्दात स्वतःची अपेक्षा भरली. एकदा खरं ऐकलं म्हणजे पुढचं सगळं खरंच ऐकू येईल, असं नसतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. सेवेच्या पहिल्या काही वर्षांत एका कुटुंबाच्या वडिलांसाठी मी रुग्णालयात प्रार्थना करत असे. एका रात्री प्रार्थनेत मला विलक्षण उबदार, भरून आल्यासारखं वाटलं, आणि बाहेर येऊन मी त्यांच्या मुलीला सांगितलं, 'घाबरू नका, ते बरे होणार. मला खात्री मिळालीय.' तीन आठवड्यांनी ते गेले. दफनानंतर ती माझ्याजवळ आली. रागात नव्हती. तिने विचारलं, 'प्रभूने तुम्हाला तसं सांगितलं होतं ना?' मला तिच्यासाठी हवं होतं ते मी देवाच्या तोंडी घातलं होतं. माझ्या विश्वासात लबाडी नव्हती, कळकळही खरी होती. पण त्या कळकळीलाच मी देवाचा आवाज समजलो. तिने मंडळी सोडली नाही, हा तिचा मोठेपणा. मी त्यानंतर 'प्रभूने मला सांगितलं' हे वाक्य जवळजवळ वापरलेलं नाही.

पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिताना दोन आज्ञा शेजारी शेजारी ठेवल्यात: आत्म्याला विझवू नका, आणि सगळ्याची पारख करा. मंडळ्यांमध्ये बहुधा यातली एकच पाळली जाते. काही ठिकाणी सगळं विझवलेलं, काही ठिकाणी कशाचीच पारख नाही. करिंथकरांना तर तो स्पष्ट सांगतो की दोघातिघांनी संदेश द्यावा आणि बाकीच्यांनी तो पारखावा. संदेश देणाऱ्याला याचा अपमान वाटला, तर ती स्वतःच एक पारख झाली.

आता 'प्रकटीकरण' या शब्दाकडे येतो, कारण तुमचं अर्धं दुःख या शब्दाच्या अपुऱ्या समजुतीतून आलंय असं मला वाटतं. नव्या करारातला ग्रीक शब्द 'अपोकालुप्सिस'. त्याचा अर्थ आच्छादन काढणं, पडदा बाजूला करणं. पडद्यामागची वस्तू आधीपासून तिथेच असते. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देवाने जे सांगायचं ते ख्रिस्तात सांगून टाकलंय. इब्री लोकांस पत्राची सुरुवातच ती आहे: पूर्वी संदेष्ट्यांद्वारे अंशाअंशाने, आता पुत्राद्वारे. सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये क्रूसाचा संत योहान यांनी लिहिलं की देवाने आपल्या एका शब्दात सगळं एकदाच बोलून टाकलं, आता नव्याने दर्शन मागणाऱ्याने ख्रिस्ताकडेच डोळे लावावेत. कॅथॉलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ साली, प्रकटीकरणावरच्या दस्तऐवजात म्हटलं की ख्रिस्ताच्या गौरवी आगमनाआधी नवं सार्वजनिक प्रकटीकरण अपेक्षित नाही. तिकडे प्रॉटेस्टंट परंपरेत धर्मसुधारक कॅल्विनने शास्त्राला चष्म्याची उपमा दिली आणि पवित्र आत्म्याच्या अंतःसाक्षीवर भर दिला: वचन तेच, ते देवाचं आहे ही खात्री आत्मा आतून देतो. इतर असंख्य गोष्टींवर भांडणाऱ्या या दोन परंपरा इथे शेजारी बसतात, ही मला नेहमी गंमत वाटते.

म्हणून विश्वासणाऱ्याला जे मिळतं ते बहुतेकदा नवं वाक्य नसतं. जुनंच वाक्य त्याच्या नावावर येतं. पुढे संत झालेल्या ऑगस्टिनचं पाहा. ३८६ साली मिलानमधल्या एका बागेत तो रडत होता. शेजारून लहान मुलाचा आवाज आला, 'घे आणि वाच.' त्याने उघडून वाचलं ते रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातलं वचन. ते लिहिलं जाऊन तीनशेहून अधिक वर्षं झाली होती. ते पत्र ऑगस्टिनने आधी वाचलेलंही होतं. नवं काय होतं? त्या दिवशी तो त्या वचनासमोरून पळाला नाही. पुढे त्यानेच शिकवलं, समजावं म्हणून विश्वास ठेव. त्यानंतर सुमारे सातशे वर्षांनी अन्सेल्म या धर्मपंडिताने त्याला आकलन शोधणारा विश्वास असं रूप दिलं. दोघेही बुद्धी गहाण ठेवायला सांगत नव्हते. प्रेमात पडल्याशिवाय माणूस कळत नाही, तशी काही सत्यं दुरून कळतच नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

येशू मरणातून उठल्यानंतर अम्माऊस गावाकडे निघालेल्या दोन शिष्यांचंही तेच. साठ स्टेडिया, म्हणजे साधारण अकरा किलोमीटर, येशू त्या दोघांच्या शेजारून चालला, शास्त्र उलगडत गेला, आणि त्यांनी त्याला ओळखलं नाही. त्यांचा विश्वास तेव्हा मोडकळीला आला होता, 'आम्हाला आशा होती' असं ते भूतकाळात बोलतात. तरी संध्याकाळी त्यांनी अनोळखी माणसाला घरात घेतलं. भाकर मोडताना डोळे उघडले, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा झाला. मग ते एकमेकांना म्हणतात, वाटेत तो बोलत असताना आपलं अंतःकरण आतल्या आत पेटत नव्हतं का? म्हणजे प्रकटीकरण चालू होतं, त्यांना ते मागाहून कळलं. तुम्ही जेव्हा लिहिता की देव माझ्याशी कधीच बोलला नाही, तेव्हा मला विचारावंसं वाटतं: मागे वळून पाहिलंत का?

मागे वळून पाहण्याची एक जुनी रीत आहे, आणि ती पुढे जेजुइट संघ स्थापन करणाऱ्या लोयोलाच्या इग्नेशियसला अंथरुणात सापडली. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. घरी पडल्या पडल्या त्याला शौर्यकथा हव्या होत्या, मिळाली ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. कधी तो एका उमराव स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याची स्वप्नं बघे, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही स्वप्नं बघताना मजा सारखीच. फरक मागाहून कळला: पहिल्या विचारांनंतर मन कोरडं पडायचं, दुसऱ्यांनंतर आनंद टिकून राहायचा. क्षणाच्या चवीपेक्षा तोंडात मागे राहिलेली चव खरी, हे त्याने टिपलं. पुढे त्याने हेही लिहिलं की मन उदास, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. मी हे सांगतो तेव्हा लोक मान डोलावतात आणि पुढच्याच उदास मंगळवारी निर्णय बदलतात.

आता तुमच्या प्रश्नातला अवघड भाग. काही माणसांचा विश्वास खरा असतो, आज्ञापालनही खरं असतं, आणि तरी आत काहीच वाटत नाही. मदर तेरेसांना १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना ट्रेनमध्ये गरिबांसाठीचं बोलावणं आलं. काम सुरू झालं आणि आतला तो गोडवा गेला. मृत्यूपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं, थोडा काळ सोडता, त्यांनी देवाचं सान्निध्य जाणवत नसताना काम केलं. हे जगाला कळलं त्यांच्या पत्रांमुळे, २००७ साली. मंडळीत त्यांच्या शेजारी बसून कुणी सांगितलं असतं की काल प्रभू माझ्याशी बोलला, तर त्यांनी काय केलं असतं? बहुधा हसून ऐकून घेतलं असतं. त्यांच्या विश्वासात कमतरता होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि ज्यांना भरभरून मिळतं ते फारसं सांगतही नाहीत. गणिती पास्कालला २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री साडेदहाच्या सुमारापासून साडेबारापर्यंत जे झालं, त्यासाठी त्याने कागदावर तारीख-वेळेखाली एकच शब्द लिहिला, 'अग्नी', आणि मग पुढचं. तो मजकूर त्याने अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवला. १६६२ साली तो वारल्यावर नोकराला तो सापडला. आठ वर्षं छातीशी, आणि साक्ष दिली नाही.

मग करायचं काय, हे विचाराल. मी तुम्हाला शमुवेलाकडे पाठवीन, पण गोष्ट लहानपणी ऐकलीत तशी नव्हे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला तिसरा अध्याय नीट वाचा. त्या दिवसांत परमेश्वराचं वचन दुर्मीळ झालं होतं. मुलगा मंदिरात झोपलाय, दिवा अजून विझलेला नाही. हाक येते. तो तीनदा चुकीच्या माणसाकडे धावतो. अध्याय स्पष्ट सांगतो की शमुवेलाला अजून परमेश्वराची ओळख नव्हती. म्हणजे देवाचा आवाज कसा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं एवढंच की हाक आली की उठायचं, मध्यरात्री, तिसऱ्यांदा सुद्धा, कुरकुर न करता. त्याचा विश्वास त्या उठण्यात होता. आवाज ओळखायला मदत केली ती एलीने, ज्याची दृष्टी मंदावली होती आणि ज्याच्या घरावर न्याय येणार होता. चौथ्या वेळी तो म्हणाला, बोल, तुझा दास ऐकत आहे.

तुम्ही एवढंच करून बघा. येत्या महिनाभर नवीन काही मागू नका. तुम्हाला आधीच स्वच्छ माहीत असलेली, पण टाळत आलेली एक गोष्ट असेल: कुणाला तरी माफी मागायची, कुणाचे पैसे द्यायचे, कुणाला फोन करायचा. ती करा. रोज शुभवर्तमानातला एक छोटा उतारा दोनदा सावकाश वाचा आणि जिथे मन अडखळेल तिथे थांबा, आवडलेल्या वाक्यापेक्षा टोचलेल्या वाक्यापाशी जास्त. रात्री दोन ओळी लिहा: आज कुठे मन उजळलं, कुठे कोरडं पडलं. आणि महिन्याने ती वही एखाद्या एलीला दाखवा, जो तुम्हाला खूश करण्याच्या भानगडीत पडणार नाही. उपवास धरायचा असेल तर जरूर धरा, पण काही मिळावं म्हणून नको.

आणि हो, त्या अध्यायातलं एक वाक्य सहसा कुणी वाचून दाखवत नाही. रात्री परमेश्वर बोलला, भयंकर असं बोलला. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला. मग उठला आणि रोजच्यासारखी मंदिराची दारं उघडली.